परीक्षकांचा निर्णय अंतिम (म्हणे!)

मागच्या महिन्यात आत्याचा फोन आला. "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तुझ्या खोलीत दिवा चालू असतो म्हणे. काय चाललंय?" (बातमी कुणी पुरवली ते मला माहीत आहे, आणि तो हे वाचतोय हेही.) मी म्हटलं, "अगं, बावीस गाड्या तपासतोय." आत्या खूश. तिला वाटलं मी आरटीओत लागलो. :)

तर आत्यासाठी आणि घरच्या इतर मंडळींसाठी आधी खुलासा. 'ऑटोमेशन' नावाचा संगणकावरचा एक खेळ आहे. खेळ म्हणायचं, पण त्यात मारामारी नाही की शर्यत नाही. इंजिनाचा बोअर-स्ट्रोक किती, चासी शिडीची की मोनोकॉक, मागे पाटे लावायचे की कॉइल स्प्रिंग, टायर केवढा, दिवे कुठे, असं एकेक ठरवत अख्खी गाडी बनवायची. मग खेळ आपल्यासमोर आकडे ठेवतो. किंमत, वजन, मायलेज, टिकाऊपणा, आराम, चालवायला सोपी की अवघड. हा खेळ खेळणारे लोक आपसात ऑनलाइन स्पर्धा भरवतात. भरवणारा एक काल्पनिक गिऱ्हाईक उभं करतो: अमुक साल, अमुक गाव, खिशात इतके पैसे, गरज अशी अशी. याला म्हणायचं ब्रीफ. बाकीच्यांनी त्या गिऱ्हाइकासाठी गाडी बनवून पाठवायची.

बक्षीस शून्य. मानधन शून्य. मिळतं ते एकच. भरवणारा प्रत्येक गाडीवर लेखी परीक्षण लिहितो. त्या चार ओळींसाठी लोक तीन-तीन आठवडे जागरणं करतात.

आणि आज मला भांडायचंय ते याच चार ओळींवरून.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत मी गाडी पाठवली होती. (कुठली स्पर्धा, परीक्षक कोण, ते सांगणार नाही. तो मुद्दा नाही.) सत्तरच्या दशकातली स्वस्त कौटुंबिक गाडी हवी होती. मी एकवीस दिवस घातले. मागच्या सीटवर तिघं नीट बसावेत म्हणून चाकांमधलं अंतर वाढवलं, त्याने वजन वाढलं, वजनाने किंमत वाढली, मग किंमत खाली आणायला इंजिनातून काय काय काढलं... जाऊ द्या. एकविसाव्या दिवशी पाठवली. दीड महिन्याने परीक्षण आलं ते असं:

"एकूण ठीक. पण काहीतरी कमी आहे. शुभेच्छा."

मोजा. सात शब्द. एकवीस दिवसांना सात शब्द म्हणजे तीन दिवसांना एक.

मी नम्रपणे विचारलं, "काय कमी आहे ते सांगाल का? पुढच्या वेळी सुधारेन." उत्तर आलं, "परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो." त्याखाली आणखी एका सद्गृहस्थांनी सल्ला दिला की हरल्यावर रडू नये.

मला एकदम चौथीतली वही आठवली. गुरुजींनी निबंध तपासला की खाली लाल शाईत तिरकं लिहायचे, 'पाहिले'. पुढे सही. निबंध चांगला होता का, वाईट होता का, गाईला पाच पाय लिहिले होते ते तरी दिसलं का? काही कळायचं नाही. पाहिले. पण गुरुजींच्या टेबलावर साठ वह्या असायच्या आणि शिवाय जनगणनेचं काम असायचं. या परीक्षकाने तर ही हौस आपणहून अंगावर घेतली होती.

माझं म्हणणं साधं आहे. निर्णय आणि परीक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय अंतिम असतो, असायलाच हवा, नाहीतर कुठलीच स्पर्धा संपणार नाही. पण परीक्षण म्हणजे त्या निर्णयाचं कारण. कारण अंतिम कसं असेल? कारण एक तर बरोबर असतं नाहीतर चूक असतं. चूक असेल तर ते चूक आहे असं सांगण्याचा हक्क ज्याची गाडी आहे त्याला असलाच पाहिजे. 'निर्णय अंतिम' हे वाक्य आपण निर्णयाला लावायचं सोडून परीक्षणावर झाकण म्हणून वापरतो, आणि माझी चीड त्या झाकणाची आहे.

'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.' शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेच्या पत्रकापासून आपण हे वाचत आलोय. या वाक्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात 'निर्णय' हा शब्द आहे, 'परीक्षण' नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. २०२२ साली पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी ठरवलं की करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही, आणि करंडक कुणालाच दिला गेला नाही. निर्णय अंतिम होता, राहिला. पण त्यावर महाराष्ट्रभर चर्चा झाली आणि ती होणं योग्यच होतं. महिनोन्महिने तालमी करणाऱ्या पोरांना कारण समजून घ्यायचं होतं. त्यात रडणं कुठे आलं?

कायद्याचंच बोलायचं तर २०११ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितलं की विद्यार्थ्याला माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. त्याच निकालात असंही आहे की परीक्षकाची ओळख पटेल असा भाग झाकायचा, आणि माहिती अधिकारातून फेरतपासणीचा हक्क मात्र मिळत नाही. मला हा निकाल फार आवडतो. मार्क बदलतीलच असं नाही, मास्तरांच्या घरावर मोर्चाही न्यायचा नाही, पण कुठे काय चुकलं ते बघायचा हक्क तुझा. लाखो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बोर्डाला हे लागू होत असेल तर बावीस गाड्यांच्या परीक्षकाला का नाही?

इथपर्यंत तुम्हाला वाटेल की हा माणूस दोन वर्षांपूर्वीचं उट्टं काढतोय. थांबा. आता माझी पाळी.

यंदा पावसाळ्यात मी स्वतः स्पर्धा भरवली. म्हटलं, परीक्षण कसं लिहायचं असतं ते दाखवूनच देऊ एकेकाला! ब्रीफसाठी गाव निवडलं आपलं चौसाळा. (बाहेरच्यांसाठी: जिल्हा बीड. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर आलं की पुढे लागतं ते. पूर्वी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग २११ होता, आता ५२ आहे.) साल १९८९. गिऱ्हाईक: बीड-चौसाळा काळी-पिवळी चालवणारा माणूस. गाडी डिझेल हवी. सीटा दहा, बसणारे किती ते विचारू नये. टपावर सामान. बाजाराच्या दिवशी पोती, कोंबड्या, एखादी सायकल. घाट चढायचा. बिघडली तर गावातच पाना-जॅकवर दुरुस्त व्हायला हवी.

ब्रीफ लिहिताना मला फार भारी वाटत होतं. माझं गाव, माझा घाट, लहानपणी त्याच काळी-पिवळीच्या मागच्या फाळक्यावर बसून मी गेलोय. यातलं माझ्याइतकं कुणाला कळणार?

बावीस गाड्या आल्या. त्यातली एक होती चौसाळ्याच्याच एका पोराची. नाव लिहीत नाही. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड करतो. मी पहिल्याच फेरीत त्याची गाडी काढली आणि परीक्षण लिहिलं. आठवणीतून नाही, जसंच्या तसं देतो:

"मागची बाजू म्हणजे आंदण दिलेलं कपाट टेम्पोत आडवं टाकलंय असं वाटतं. टायर पाहून सायकलची आठवण झाली. ५४ अश्वशक्तीत मांजरसुंब्याचा घाट चढायचा म्हणजे प्रवाशांनी उतरून ढकलायची तयारी ठेवावी. चारही चाकांना साधे ड्रम ब्रेक आहेत. भरलेली गाडी घाट उतरताना सतत ब्रेक दाबला तर ड्रम तापून पकड कमी होईल. पुन्हा प्रयत्न करा."

लोक जाम हसले. कपाटाचा विनोद तर तीन जणांनी मला परत ऐकवला. मामेभावाने हसून हसून डोळ्यात पाणी आल्याचं कळवलं. मीही स्वतःवर खूश. सात शब्द नाहीत, बघा, चांगलं खणखणीत लिहिलंय!

चार दिवसांनी त्या पोराचं पत्र आलं. दोन पानं. सुरुवात होती, "दादा, तुम्ही आपल्या गावचे म्हणून लिहितोय. राग मानू नका."

पहिला मुद्दा कपाटाचा. "तुम्ही ब्रीफमध्ये टपावर सामान लिहिलंय. टपावर चढायला शिडी लागते. शिडी मागे लागते. मागची बाजू तिरपी केली तर शिडी कुठे लावू? आणि खालचा फाळका आडवा पडला की शेवटचे दोघं त्यावर बसतात. सरळ पाठ ठेवली म्हणून ते जमतं. तुम्ही पण बसला असाल."

बसलो होतो. वर लिहिलंच आहे.

दुसरा टायरचा. "मी ६.००-१६ घेतलंय. जीपला तेच असायचं. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही त्याच मापाचं असतं. रानात अडकलो तर कुणाच्या तरी ट्रॅक्टरची ट्यूब मिळते. रुंद टायर दिसायला चांगलं, पण ८९ साली चौसाळ्यात ते पंक्चर झालं तर गाडी तिथंच. हे मला वडिलांनी सांगितलं." वडिलांनी पंधरा वर्षं काळी-पिवळी चालवलेली.

तिसरा घाटाचा. इथे त्याने गणित मांडलं होतं. गाडी १४०० किलो. माणसं १६, सरासरी ५५ किलो धरून ८८० किलो. एकूण २२८०. चढ पंधरास एक धरला, तर चढाला साधारण १४९० न्यूटन आणि टायरच्या घर्षणाला साधारण ४५० न्यूटन, मिळून १९४० च्या आसपास. ताशी २५ किलोमीटरने चढायचं तर चाकांवर १८ अश्वशक्ती पुरते. "माझं इंजिन ५४ चं आहे. गिअरबॉक्समध्ये थोडी गेली तरी उरते. मी पहिला आणि दुसरा गिअर मुद्दाम खालचा ठेवलाय, त्यामुळे शून्य ते शंभरला वेळ लागतो. तुम्ही बहुतेक तो आकडा बघितला. दादा, चौसाळ्याच्या रस्त्यावर ८९ साली शंभर कोण पळवत होतं?"

मी काय बघितलं होतं? अगदी तेच. बावीस गाड्यांचा तक्ता केला होता आणि शून्य ते शंभरच्या रकान्यात ही सगळ्यात खाली होती. गिअरचं पान मी उघडलंसुद्धा नव्हतं.

चौथा मुद्दा एका ओळीचा. "ब्रेकचं तुमचं बरोबर आहे. घाट उतरायचा विचार मी केलाच नव्हता. पुढच्या वेळी सुधारतो."

आणि शेवटी: "निकाल बदलू नका. पण लिहिलेलं बदलता आलं तर बघा. अप्रेंटिसशिपसाठी मी माझ्या कामाची फाईल केली आहे, त्यात ही गाडी लावणार होतो. आता तिच्याखाली तुमचं हे लिहिलेलं आहे आणि ते लोक वाचतील."

हे पत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? खोटं सांगत नाही. पहिलं आलं ते 'परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो.' दुसरं आलं, 'हरला की रडतात.' अगदी तीच दोन वाक्यं, त्याच क्रमाने. दोन वर्षं ज्यांच्यावर चडफडत होतो त्यांच्याच खुर्चीत मी बसलो होतो आणि खुर्ची छान मऊ होती.

रात्रभर पत्र तसंच ठेवलं. सकाळी परत वाचताना एक गोष्ट लक्षात आली. माझ्या परीक्षणात चार टोले होते. त्यातले तीन विनोदी होते, आणि तिन्ही चूक निघाले. एकाच वाक्यात कारण होतं (ड्रम तापतो, पकड जाते) आणि ते एकच त्याने मान्य केलं. नुसतं मान्य नाही, 'सुधारतो' म्हणाला. म्हणजे एवढ्या मोठ्या खणखणीत परीक्षणात त्या पोराच्या उपयोगाचं एक वाक्य होतं, आणि त्या वाक्याला कुणी हसलं नव्हतं.

माझी खरी चूक विनोदाचीही नाही. मी माझंच ब्रीफ विसरलो होतो. लिहिताना गिऱ्हाईक काळी-पिवळीवाला होता. तपासताना गिऱ्हाईक मी झालो. मला काय देखणं वाटतं, मला काय पळवायला आवडेल. आणि हे फक्त माझंच नाही. सिट्रोएनच्या 'टू सीव्ही'ची गोष्ट गाड्यांचं वेड असलेल्या सगळ्यांना माहीत असते. तीसच्या दशकात कंपनीचे प्रमुख पिएर बुलांजे यांनी अभियंत्यांना जे ब्रीफ दिलं ते असं: दोन शेतकरी, पन्नास किलो बटाटे, ताशी साठ किलोमीटर, शंभर किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल, आणि नांगरलेल्या रानातून टोपलीभर अंडी न फुटता गेली पाहिजेत. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी आली तेव्हा जाणकारांनी पत्र्याचा डबा म्हणून थट्टा केली. त्यांच्या डोळ्यांपुढे पॅरिसचे रस्ते होते, नांगरलेलं रान नव्हतं. पण लोकांनी नंबर लावले, वर्षानुवर्षं वाट पाहिली, आणि ती गाडी थेट १९९० पर्यंत बनत राहिली. थट्टा करणाऱ्यांनी अंडी घेऊन एक चक्कर मारली असती तर बरं झालं असतं.

मी काय वेगळं केलं? चौसाळ्याची गाडी पुण्याच्या रस्त्यावर तपासली. आणि वर तोरा असा की मी चौसाळ्याचा.

आता यावर जे आक्षेप येतील ते मला पाठ आहेत, कारण ते मी स्वतःच स्वतःला ऐकवून झालोय.

एक: परीक्षक फुकट राबतो, त्याच्याकडून किती अपेक्षा करायच्या? मान्य, बावीस परीक्षणं म्हणजे दोन आठवड्यांच्या रात्री. पण गाडी बनवणाराही फुकटच राबतो ना? दोघांचे कष्ट समोरासमोर ठेवले तर त्याचे जास्त भरतील. बावीस झेपत नसतील तर बारा घ्या. थोडक्यात लिहा, माझी हरकत नाही. 'ड्रम तापतील' एवढं दोन शब्दांचं परीक्षणसुद्धा 'काहीतरी कमी आहे' पेक्षा लाखपट बरं.

दोन: हरलेलेच तक्रार करतात. अहो, मग कोण करणार? जिंकलेला माणूस परीक्षण वाचतच नाही, तो फक्त स्वतःचं नाव वाचतो. आपलं लिखाण ओळ न् ओळ वाचणारा, प्रत्येक शब्द तपासणारा एकच वाचक असतो आणि तो हरलेला असतो. (लिहिणाऱ्या मित्रांनो, असा वाचक आपल्याला कधी मिळतो का सांगा!) त्याला 'रडतोय' म्हणून हाकलायचं म्हणजे एकुलत्या एका वाचकाला हाकलायचं.

खऱ्या गाड्यांच्या जगात तर तक्रार करणाऱ्यावरच धंदा चालतो. टाटांची इंडिका १९९८ च्या डिसेंबरात आली. पहिल्या गिऱ्हाइकांनी आवाजाच्या, थरथरीच्या, बारीकसारीक बिघाडांच्या तक्रारींचा पाऊस पाडला. कंपनीने ऐकलं, गाडी सुधारली, आणि २००१ साली व्ही-टू आली ती जोरात चालली. तीच कंपनी, नॅनोचं बघा. २००९ साली विकायला आली तेव्हा मागून डिकी उघडायचीच नाही. सामान ठेवायचं तर मागची सीट पाडून आतून. उघडणारा मागचा दरवाजा आला २०१५ साली. बाजारात जाऊन भाजी आणणाऱ्या कुठल्याही बाईने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं ते प्रत्यक्षात यायला सहा वर्षं गेली. नॅनो चालली नाही याची कारणं बरीच आहेत, एकट्या डिकीवर खापर फोडत नाही. पण एवढं नक्की की पाठ बनवणाऱ्याचं एक गणित असतं आणि सामान भरणाऱ्याचं दुसरं. हे मला त्या पोराच्या शिडीने शिकवलं.

तीन: कडक लिहिलं की लोक दुखावतात, म्हणून गोडगोड लिहिलेलं बरं. हा आक्षेप मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो चांगली माणसं घेतात. 'छान प्रयत्न', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा', 'अजून थोडी मेहनत'. हे लिहिणाऱ्याला वाटतं आपण प्रेमाने वागलो. प्रत्यक्षात त्याने समोरच्याला सांगितलेलं असतं की तुझ्या गाडीत मन घालण्याइतका वेळ मला नाही. माझ्या सात शब्दांतसुद्धा शुभेच्छा होत्या की! मला त्या पोराचा राग आला असता तरी चाललं असतं, पण त्याला 'छान प्रयत्न' लिहून वाटेला लावलं असतं तर ब्रेकचं त्याला कुणी सांगितलं असतं? कडक आणि गोड हा वादच फिजूल आहे. कारण आहे की नाही एवढंच बघायचं.

बरं, स्पर्धकांनाही दोन शब्द सुनावतो, नाहीतर एकतर्फी होईल. परीक्षणावर लिहायचं तर त्या पोरासारखं लिहा. मुद्द्यावर लिहा, आकडे द्या, बरोबर असेल ते बरोबर म्हणा. 'माझ्या गाडीला कमी का' असं विचारू नका, 'अमुक वाक्य चूक आहे, कारण हे' असं सांगा. आणि एकदाच सांगा. रोज एक निरोप पाठवून परीक्षकाला जेरीला आणणारेही मी पाहिलेत. त्यांच्यामुळेच ते झाकण तयार होतं.

मग मी काय केलं? निकाल बदलला नाही. त्यानेच नको म्हटलं होतं, आणि ब्रेकमुळे ती गाडी तशीही पहिल्या तिनांत आली नसती. परीक्षण मात्र बदललं. जुनं पुसलं नाही, कारण पुसलं तर मी चुकलोच नव्हतो असं दिसेल. जुन्याच्या खाली तारीख टाकून लिहिलं की मागची बाजू, टायर आणि इंजिन याबद्दलची माझी तिन्ही वाक्यं चूक आहेत. का चूक आहेत ते त्याच्याच गणितासह दिलं. ब्रेकचं वाक्य कायम ठेवलं. त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "ठीक आहे दादा. फाईलला खालचं लावतो."

दुसऱ्या फेरीला ज्यांना हसू आलं होतं त्यातल्या कुणीही दुरुस्तीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. विनोद पसरतो, दुरुस्ती जागेवरच बसून राहते. हे माहीत होतं, तरी लागलं.

आता पुढच्या वेळेपुरते मी स्वतःला घालून घेतलेले नियम, कुणाला घ्यायचे असतील तर घ्या. परीक्षण लिहायच्या आधी ब्रीफ पुन्हा वाचायचं, प्रत्येक गाडीला. 'मला' आणि 'गिऱ्हाइकाला' हे दोन शब्द वेगवेगळे लिहायचे. दोष दाखवला की त्याच वाक्यात कारण, आणि कारण सुचत नसेल तर ते वाक्य काढून टाकायचं, कितीही हशा मिळणार असला तरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परीक्षण सगळ्यांसमोर टाकण्याआधी दोन दिवस फक्त त्या स्पर्धकाला दाखवायचं. मार्कांची घासाघीस नाही. फक्त, "यात चुकीची माहिती काही आहे का?" हा एक प्रश्न मी आधी विचारला असता तर कपाटाचा विनोद जन्मालाच आला नसता. मामेभावाचं थोडं नुकसान झालं असतं, तेवढं त्याने सोसावं.

शेवटचं. परवा गावी गेलो होतो तेव्हा त्याच्या घरी जाऊन आलो. तो नव्हता, वडील होते. चहा झाला. मी जरा चाचरतच विषय काढला, म्हटलं, "काका, पोराच्या गाडीला मी कपाट म्हटलं होतं." ते हसले. म्हणाले, "कपाटच होती ना ती! पण सोळा माणसं बसायची त्या कपाटात." मग मला घाट उतरताना कुठल्या वळणावर कुठला गिअर टाकायचे ते हाताने दाखवत अर्धा तास समजावलं. ब्रेकला हातसुद्धा लावायचा नाही म्हणे, गिअरवर उतरायची.

म्हणजे माझं चौथं वाक्यही थोडं तपासायला हवं. परत ती दोन पानं उघडून बसलोय. पोराने मान्य केलं म्हणून ते पूर्ण बरोबर ठरत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरचे आकडे असे आहेत की भरलेली गाडी इंजिनावरच बरीच धरून राहील. 'सतत ब्रेक दाबला तर' असं मी लिहिलं होतं. पण दाबणार कोण होतं?

आत्या, आजही रात्री दिवा चालू राहील. काळजी करू नकोस.